शेंदराखालचा सराफ

आंजीला माझ्या काकांच्या घरी देव्हाऱ्यात बाळकृष्ण आहे, अन्नपूर्णा आहे, कुळाचे टाक आहेत आणि एक घड्याळ होतं. खिशात ठेवायचं, साखळीचं, जुन्या काळचं. पण कुणी सांगितल्याशिवाय ते घड्याळ आहे हे बापजन्मी ओळखू आलं नसतं. त्यावर शेंदूर इतका चढला होता की लांबून ते संत्रं वाटायचं आणि जवळून मारोती. एकदा पाहुण्यांच्या लेकरानं ते खरंच संत्रं समजून चावलं. त्याचे दुधाचे दात तिथंच राहिले आणि पुढे आल्या त्या थेट अक्कलदाढा. आज तो तहसीलीत नोकरीला आहे. खोटं वाटत असेल तर जाऊन त्याचं तोंड उघडून बघा.

घड्याळाला देव कुणी केलं? काकांनी. काका भाजीपाल्याचे शेतकरी, वांगी-भेंडीवाले, पण गावात त्यांची कीर्ती होती ती तारेमुळे. विहिरीवरची मोटर वर्षातून दोनदा जळायची, तिच्या वाइंडिंगची तांब्याची तार निघायची, आणि त्या तारेनं काका जग दुरुस्त करायचे. चष्म्याची काडी, रेडिओचा कान, खाटेचा पाय, चपलेचा अंगठा, सगळं तारेनं बांधलेलं. एकदा त्यांनी भांडणाऱ्या दोन भावांना बांधून ठेवलं होतं म्हणतात, ते पुढं एकाच चुलीवर जेवले. बंडीच्या खिशात एक चांदीची गोल चपटी चुन्याची डबी असायची, तिलाही एके ठिकाणी तारेचा वेढा. तंबाखू मळता मळता काका घड्याळाची गोष्ट सांगायचे.

"बोरच्या जंगलातून येऊन राह्यलो होतो. एकटा. समोर वाघ. वाघ म्हंजे कसा, या दारातून शेपूट आत आली तं तोंड तिकडं पवनारले. आता म्या म्हनलं, सपलं. तेवढ्यात खिशात घड्याळ बोललं. टिक टिक, टिक टिक. वाघानं कान टवकारले. त्यानं इचार केला, हा मानूस दिसते एक अन् याच्यात काळजं वाजून राह्यले दोन. दोन काळजाच्या मानसाच्या नादी कोन लागन? गेला ना बाप्पा निंगून!"

त्या दिवशी घड्याळही बंद पडलं. वाघाकडे बघून, असं काका सांगायचे. घरी येऊन त्यांनी स्वतःच्या हातानं त्याला तेल-शेंदूर लावला, देव्हाऱ्यात तांब्याच्या ताटलीवर बसवलं आणि सगळ्यांना बजावलं, "उघडू नोका. जीव हाय त्याच्यात." पुढं दर शनिवारी शेंदूर. काका गेले, शेंदूर थांबला नाही.

आता भांडण सांगतो, कारण भांडणाशिवाय या घराला चव नाही.

घरात दोन म्हाताऱ्या. एक माझी काकू आणि दुसरी माझी आत्या, म्हणजे काकांची धाकटी बहीण. आत्या फार तरुणपणी विधवा होऊन भावाकडे आली ती कायमची. दोघींचा स्वयंपाक एक, टीव्ही एक, गुडघेदुखीचं तेल एक, आणि वादही एकच: घड्याळ कुणाचं?

काकूचं माहेर आर्वीकडचं. ती सांगायची, लग्नात तिच्या वडलांनी स्वतःच्या खिशातलं घड्याळ काढून मांडवात जावयाच्या खिशात घातलं, ते हे. आत्या सांगायची, आमचे आजोबा हिंगणघाटला कापसाची गाडी खाली करून आले तेव्हा तिथल्या सराफाकडून घेऊन आले, ते हे.

"तुह्या बापानं दिलं असन व वयनी, पन घड्याळ नाई. आशीर्वाद देल्ला असन."

"हाव ना बाई. अन् तुमच्या आज्यानं घड्याळ आनलं अन् वेळ पाहाचा इसरला. म्हनूनच आतापावतर तुमच्याकडचे सारे उशिरा उठतात."

ऐकायला हा विनोद आहे. पण काकूच्या घशात तो आयुष्यभर अडकलेला होता. ती गरीब घरची. 'माहेरून काय आनलं' हा प्रश्न तिला या घरात हळदीच्या अंगानं विचारला गेला, आणि तिच्याकडे उत्तर होतं ते एकच, आणि तेही शेंदराखाली. गेल्या वर्षी तिच्या नातीचं, माझ्या पुतणीचं, लग्न ठरलं, गिरडकडच्या घरात. काकूनं जाहीर केलं, "पोरीच्या ओटीत माह्या माहेरची एक वस्तू घालीन. घड्याळ."

आत्या म्हणाली, "देव्हाऱ्यातला देव कोनी आंदन देते का व? घरचा हाय थो. घरातच राहीन."

पुतणी म्हणाली, "आजी, मले नोकोच घड्याळ. मोबाइल हाय."

"तू चूप," दोघी एकदम म्हणाल्या. त्या वर्षात दोघी एकदम काही म्हणाल्याची ही पहिली वेळ.

इथं मी शिरलो. मी राहतो वर्ध्याला, आणि मला जुन्या खिशातल्या घड्याळांचा नाद आहे. वाईट नाद आहे. दारू पिणारा निदान संध्याकाळपर्यंत थांबतो. मी भंगारवाल्याच्या दुकानात सकाळी त्याच्या आधी हजर. माझं त्यातलं वेड आणखी विचित्र: घड्याळ मला नकोच असतं, मला हवं असतं त्याच्या तोंडावरचं नाव. त्या काळी मोठमोठ्या गावांतले सराफ परदेशातल्या कारखान्यातून घड्याळं मागवायचे आणि तबकडीवर छापून घ्यायचे स्वतःचं नाव आणि गाव. आपण लग्नाच्या भांड्यावर नाव टाकतो ना, पातेलं कुणी घडवलं ते कुणी विचारत नाही, 'यांजकडून सप्रेम' तेवढं दिसतं, तसंच. घड्याळ जन्मलं बर्फात, नाव लागलं बाजारपेठेतल्या सराफाचं. आणि मी फिरतो त्या सराफांच्या नातवा-पणतवांच्या दुकानात, "तुमचे आजोबा घड्याळं विकायचे का हो?" विचारत. लोक मला आधी आयकरवाला समजतात, मग सोयरीक घेऊन आलेला, आणि शेवटी वेडा. तिसऱ्या टप्प्यावर चहा मिळतो.

तर मी शहाणपणा केला. दोघींना म्हणालो, "भांडता कशाला? तबकडीवर सराफाचं गाव असणार. आर्वी असलं तर काकूचं, हिंगणघाट असलं तर घराचं. शेंदूर काढू आणि वाचू."

दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना मारोतीच्या अंगावरचं धोतर फेडायला सांगितलं.

"काऊन रे बाबू," आत्या म्हणाली, "वर्ध्याले राहून बाटला का तू? शेंदूर खरवडत असते का कोनी?"

"खोळ पडू दे," काकू म्हणाली. "देव सोतासून टाकन तवा टाकन."

याबाबतीत त्या दोघींचं एकमत, आणि गावाचंही. शेंदराचे थर फार झाले की कधीतरी ते कवच आपोआप निखळतं, आतला मूळ देव दिसतो. त्याला खोळ पडणं म्हणतात. पडली की नारळ फुटतात, वाजंत्री लागते. पण माणसानं हात लावायचा नाही. ठरलं तर मग. लग्न वैशाखात. तोवर खोळ पडली तर गाव वाचायचं आणि त्याप्रमाणं वागायचं. नाही पडली तर देव घरात.

माझ्यापुढं प्रश्न असा, की ज्याचं नाव वाचता येत नाही त्या सराफाचा शोध घ्यायचा. जगात कुणी केला नसेल. मी केला.

आधी आर्वी. सराफा ओळीत एक जुनी पेढी, वर नवीन काचा, आत गादीवर बसलेले पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले सराफ. मी विचारलं, "तुमच्या पणजोबांनी नाव घातलेली घड्याळं विकली होती का?"

"विकली?" ते दुखावले. "अहो, बनवली! घड्याळ म्हणजे काय ते इकडे कुणाला ठाऊक होतं? एक गोरा साहेब याच पायरीवर बसून शिकून गेला. तिकडे जाऊन कारखाना टाकला त्यानं."

"त्याचं काही जुनं, काही खोकं वगैरे...?"

त्यांनी आतून एक लाल मखमलीचं रिकामं खोकं आणलं. झाकणाच्या आत इंग्रजी वळणदार अक्षरांत पेढीचं नाव आणि आर्वी. खरंच घड्याळाचं खोकं.

"तुमच्या घड्याळावर आमचं नाव आहे का?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. शेंदराखाली आहे."

"मग खरवडा."

"देव आहे हो तो."

त्यांनी एकदम हात जोडले. मला की देवाला, ते कळलं नाही. निघताना म्हणाले, "हिंगणघाटला जाऊ नका. तिथले लोक घड्याळात बाराच्या पुढं मोजतात."

अर्थात मी हिंगणघाटला गेलो. तिथली पेढी आर्वीपेक्षा जुनी, निदान पंखा तरी. तिथल्या सराफांनी भिंतीवरचा फोटो दाखवला. पगडीवाले पणजोबा, पोटावर साखळी, हातात उघडं घड्याळ, जणू फोटो काढणाऱ्याला 'आटप' म्हणताहेत.

"आर्वीवाल्यांनी पण विकली म्हणतात," मी काडी टाकली.

"आर्वी?" सराफ एवढे हसले की वजनकाटा हलला. "त्यांचे आजे गाडीबैल जुंपून आमच्याकडे वेळ विचारायला यायचे. वेळ घेऊन परत जाईस्तोवर ती शिळी व्हायची. म्हणून आर्वीला आजही सारं शिळं मिळते."

"तुमच्या घड्याळाची काही खूण?"

"आमचं नाव दोनदा. एकदा तोंडावर आणि एकदा आतल्या झाकणावर कोरलेलं. माणसाचा काय भरवसा, तोंड बदलते."

हे वाक्य मी तेव्हा चहाबरोबर गिळून टाकलं. पुढं ते माझ्या पोटातून परत वर आलं.

इकडे आंजीत शर्यत लागली होती. काकूला खोळ पडायला हवी होती, म्हणून तिनं देव्हारा हलवला. "देवाले हवा लागत नाई," म्हणत तो टिनाच्या खोलीत नेला, पश्चिमेच्या भिंतीला. वर्धा जिल्ह्याचा उन्हाळा ज्यांनी खाल्ला नाही त्यांना सांगतो, आमच्याकडे वैशाखात कोंबडी अंडं देते ते उकडलेलंच. मीठ तेवढं वरून. टिनाच्या त्या खोलीत उदबत्ती न पेटवता जळायची. शेंदराला पहिली भेग गेली.

आत्या तिथं कूलर घेऊन आली.

"काय व बाई, हे कायले?"

"देवाले उकडून राह्यलं वयनी. पाहाय ना, घामेजला."

"थो घाम नाई, तेल हाय. तुमीच वतता दिवसभर."

खरंच होतं. आत्यानं शनिवारचा शेंदूर रोजचा केला होता. काकू भेग पाडायची, आत्या भेग बुजवायची. काकूनं समई जवळ सरकवली की आत्या ओलं फडकं ताटलीखाली घालायची. एक उन्हाची बाजू, एक पाण्याची, आणि मध्ये बिचारं ते संत्रं. मी कुणाच्या बाजूनं होतो? मी संशोधक होतो. संशोधक कुणाच्या बाजूनं नसतो. फक्त एकदा, आत्या झोपली असताना, मी कूलरचं पाणी सोडून दिलं. तेही शास्त्रासाठी.

एका दुपारी काकू मला एकटीच बसलेली दिसली, देव्हाऱ्यासमोर, पंख्याशिवाय, घामानं निथळत. मी म्हणालो, "काकू, घेरी येईल. बाहेर चल."

ती म्हणाली, "बाबू, आर्वीच असन ना रे?"

एवढंच. टोमणा नाही, काही नाही. मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या आहेत, त्या दिवशी एक मारायला हवी होती, पण जीभ वळली नाही. म्हणालो, "असेल."

हळदीचा दिवस उजाडला तरी खोळ जागच्या जागी. आत्याच्या चेहऱ्यावर मोठं समाधान, आणि त्या समाधानानं ती दोन माणसांचं काम एकटी करत होती. काकू नुसती हळद कालवत राहिली. माझा चुलतभाऊ, म्हणजे नवरीचा बाप, यानं या सगळ्यात लक्ष घातलं नव्हतं. त्याचं सगळं लक्ष डीजेत. पुलगावहून डीजे आला, एक ट्रकभर. त्याचे डबे एवढे मोठे की त्यांतल्या एकात आमच्या आंजीची ग्रामसभा बसली असती, कोरमसकट. ते लावायला अंगणात एकच जागा, टिनाच्या खोलीच्या भिंतीला टेकून, कारण वीज तिथंच.

डीजेवाल्यानं "चेक, चेक" केलं आणि बटण दाबलं.

पहिला ठोका पडला तेव्हा लोणच्याच्या बरणीतली फोड न फोड दुसऱ्या फोडीला भेटली. दुसऱ्या ठोक्याला शेजारच्या म्हशीनं न विचारता दूध सोडलं. तिसऱ्याला टिनाच्या खोलीतून आवाज आला, टप्. आणि पाठोपाठ पुतणीची किंकाळी, कारण नवरी पाया पडायला तिथंच वाकली होती.

"आजी! खोळ पडली!"

आम्ही सगळे आत घुसलो. खोळ अर्ध्या नारळाच्या कवटीसारखी अखंड, उपडी, नैवेद्याच्या वाटीत. आणि ताटलीवर घड्याळ. मी अनेक घड्याळं पाहिली, पण असं नाही. काच गेलेली, पण तबकडी इतक्या वर्षांच्या तेलाखाली राहून दुधासारखी ताजी. काटे निळे. आणि ऐका, शपथेवर सांगतो, ते तीन वेळा टिकटिकलं. चार वेळा म्हणत नाही. मला खोटं बोलायची सवय नाही.

"वाच," काकू म्हणाली. बाहेर कुणीतरी डीजे बंद केला होता.

तबकडीवर बाराच्या खाली बारीक वळणदार इंग्रजी अक्षरं. मी भिंग शोधू लागलो, तोवर पुतणीनं मोबाइलनं फोटो काढून मोठा केला आणि वाचूनही टाकलं. सराफाचं नाव. खाली गाव.

"आर्वी."

काकू मटकन खाली बसली. रडली नाही. पदर तोंडावर घेतला आणि तशीच बसून राहिली. आत्या ओठ घट्ट मिटून उभी. मग ती म्हणाली, "उलटं करून पाहाय."

"काऊन?" काकूनं पदर खाली केला. "वाचलं ना आता?"

"आज्यानं माह्या हातात देल्लतं लहानपनी. मांगचं झाकन उघडत होतं. आत चांदनी होती कोरलेली. पाहाय बाबू."

शेंदूर निघाल्यानं झाकणाची फट मोकळी झाली होती. मी नखानं उघडलं. आत दुसरं झाकण. त्यावर चांदणी कोरलेली. चांदणीखाली नाव. हिंगणघाट.

आता मात्र मीही खाली बसलो. तोंड आर्वीचं, पाठ हिंगणघाटची. अशी घड्याळं नसतात. घड्याळाला एकच सराफ असतो, जसा माणसाला एकच बाप. हिंगणघाटच्या त्या चहाबरोबर गिळलेलं वाक्य वर आलं: तोंड बदलते. मी आतलंही झाकण उघडलं. यंत्राच्या कडेनं, चाकांना लागणार नाही अशा हिकमतीनं, एक बारीक तार फिरवलेली होती, तबकडीला आवळून, शेवटी गाठ मारलेली. तांब्याची.

"बाबा," माझा चुलतभाऊ म्हणाला.

त्या गाठीवर सही असल्यासारखं होतं. आम्ही सगळे वळून भिंतीवरच्या काकांच्या फोटोकडे पाहू लागलो. फोटोची चौकटही त्याच तारेनं बांधलेली.

मी हळूहळू जोडून सांगितलं. घड्याळं दोन होती. एक सासऱ्यानं दिलेलं, एक आजाकडून आलेलं. एकाचं पोट गेलं असावं, काकांच्या विहिरीत वाकण्याच्या सवयीनं. दुसऱ्याचं तोंड फुटलं असावं, काकांच्या हातून सटकण्याच्या सवयीनं. आता बायकोला काय सांगायचं आणि बहिणीला काय? काकांनी दोन मेलेल्यांचं एक जिवंत केलं. काकूला म्हणाले, हे तुह्या बापाचं. आत्याला म्हणाले, हे आपल्या आज्याचं. आणि मग एके दिवशी त्यांच्या लक्षात आलं असणार, की दोघी एकाच वेळी ते हातात घेऊन बघतील तर काय? तेव्हा वाघ आला.

"म्हंजे वाघ नवताच?" पुतणीनं विचारलं.

"शेंदूर यायनंच पयला लावला," काकू सावकाश म्हणाली. "मले म्हनलं, उघडू नोको, जीव हाय."

"मलेही तसंच म्हनलं," आत्या म्हणाली.

"मंग माह्या बापाच्या घड्याळाचं बाकीचं कुठी गेलं?"

यावर आत्या उठून आतल्या खोलीत गेली. आपल्या पेटीतून तिनं एक वस्तू आणली आणि काकूच्या मांडीवर ठेवली. काकांची चुन्याची डबी. भाऊ गेल्यावर आठवण म्हणून तिनं मागून घेतली होती, आणि काकूनं देऊन टाकली होती, चुन्याची डबी तर होती. गोल, चपटी, चांदीची. वर चावीच्या जागचं भोक, त्यात तारेचा वेढा आणि लाख. मी घड्याळाची तबकडी तिच्यावर धरून पाहिली. बांगडी मनगटात बसावी तशी बसली.

आतून ती चुन्यानं पांढरी खडक झालेली. इथं खरवडायला कुणाची परवानगी लागत नव्हती. काकूनं गळ्यातल्या पोतीची सेफ्टी पिन काढली आणि स्वतः खरवडलं. अक्षरं येत गेली. तिला इंग्रजी वाचता येत नाही. पण तिनं मोबाइलवरचा तबकडीचा फोटो शेजारी धरून एकेक आकार जुळवला, तांदळातले खडे निवडावे तसा, आणि म्हणाली, "हेच हाय."

मग तिचा चेहरा बदलला.

"माह्या बापाच्या घड्याळात जनमभर चुना ठेवला या मानसानं!"

"अन् माह्या आज्याच्या घड्याळाले शेंदूर फासला!"

"वाघ म्हने!"

"दोन काळजं म्हने!"

दोघी फोटोकडे तोंड करून उभ्या राहिल्या, आणि मग जे सुरू झालं ते डीजेला लाजवणारं होतं. काकांच्या लहानपणापासून हिशेब निघाला. फोटोतले काका हसत होते, पण जरा कमी, असं मला वाटलं. डीजेवाला दारात येऊन घाबरून विचारून गेला, "आवाज वाढवू का कमी करू?"

दम लागल्यावर दोघी शेजारी शेजारी टेकल्या. आत्या गुडघा चोळत म्हणाली, "तोंड तुह्या माहेरचं हाय व वयनी. मानलं."

हेच ऐकायला काकू टिनाच्या खोलीत भाजून निघाली होती. मला वाटलं आता ती मिरवेल. ती म्हणाली, "अन् पोट तुमच्या आज्याचं, बाई. टिकटिक तं त्याचीच होती."

"मंग पोरीले दोघी देऊ."

"देऊ."

"अन् डबी तुह्याजवळ ठेव. तुही हाय थे."

काकूनं डबी पदराच्या टोकात बांधली. आत्यानं हात पुढं केला. "चुना तं दे काढून. थो माहा हाय."

घड्याळ ओटीत पडलं, दोन हातांनी. नवरी गिरडकडं गेली. मी दोन्ही सराफांना फोटो पाठवले. आर्वीला तोंडाचा, हिंगणघाटला पाठीचा. पूर्ण घड्याळ कुणालाच दाखवलं नाही. आज दोन्ही पेढ्यांत ते फोटो मोठे करून लावले आहेत, आणि दोन्ही सराफ मला बघितलं की समोरच्या खुर्चीवरचं गिऱ्हाईक उठवून बसायला देतात. शास्त्राची सेवा याहून काय वेगळी असते?

परवा मी आंजीला असताना पुतणीच्या सासरहून फोन आला. काकूनं तो नेहमीप्रमाणं स्पीकरवर टाकला, म्हणजे अंजनगावपर्यंत ऐकू जावा. जावईबापू बोलत होते, शिकलेले, आवाज मऊ.

"आजी, ते घड्याळ नागपूरला एका चांगल्या माणसाकडे नेतो म्हणतो. उघडून साफ करून देईल. आत काहीतरी तार आहे म्हणे, ती काढून..."

"उघडू नोका!" दोघी एका दमात ओरडल्या. भाजी निवडायची परात खाली पडली.

"का हो आजी?"

काकूनं आत्याकडे पाहिलं. आत्यानं काकूकडे पाहिलं. मग आत्या फोनजवळ सरकली, घसा साफ केला आणि भावाच्याच आवाजात सुरुवात केली. "तुमाले सांगतलं नाई का पोरीनं? जीव हाय त्याच्यात, जावईबापू. तिचा आजा बोरच्या जंगलातून येऊन राह्यला होता. एकटा. समोर वाघ..."

"दोन," काकू म्हणाली. "दोन वाघ होते, बाई. नीट सांगा."